उघड्यावरचं धूम्रपान: मुंबईत बंदी कुठे आहे आणि तक्रार कुणाकडे न्यायची

"उघड्यावर ओढली तर चालतं" हे टपरीवरचं कायदेज्ञान अर्धंच खरं आहे, आणि मुंबईतली बहुतेक हुज्जत उरलेल्या अर्ध्यावरून होते. २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात त्यात, सार्वजनिक जागेची व्याख्या करताना 'मोकळी जागा' वगळली आहे. टपरीवाल्याचं ज्ञान इथे थांबतं. पुढे २००८ मध्ये नियम आले आणि त्यांनी वगळलेल्या मोकळ्या जागेतल्या काही जागा पुन्हा आत घेतल्या: खुलं सभागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा, बस स्थानक 'आणि अशा इतर जागा'. हे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. त्यामुळे डोक्यावर छप्पर आहे की आभाळ, हा प्रश्न विचारून उपयोग नाही. ही जागा कसली आहे आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, एवढं विचारा.

यातला ताब्याचा भाग लोक विसरतात. ओढणाऱ्याला कोटपाच्या कलम ४ (सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी) आणि २१ (त्याची शिक्षा) खाली जास्तीत जास्त २०० रुपये दंड होतो. मात्र तिथे कुणी ओढू नये हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी यांच्यावर टाकली आहे. तक्रार होऊनही त्याने काही केलं नाही, तर जेवढे गुन्हे झाले तेवढ्यांच्या दंडाइतका दंड त्याच्यावर बसू शकतो. ओढणारा पाच मिनिटांत निघून जातो, व्यवस्थापक उद्याही तिथेच असतो. म्हणून आधी त्याला गाठायचं.

(मुंबईकरांना एवढं तरी माहीत असावं, की कोटपाच्या आधी देशभर सार्वजनिक धूम्रपानबंदी आली ती आपल्या शहराचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं यांत बंदीचा आदेश दिला होता.)

जागा कसली?

रेल्वे स्टेशन. इथे शंकेला जागा नाही. प्लॅटफॉर्मचं छप्पर जिथे संपतं आणि बहुतेक ओढणारे जिथे जमतात, ते प्लॅटफॉर्मचं टोकही स्टेशनच आहे. तिकीट खिडकीसमोरची जागा आणि रेल्वेचा पादचारी पूलही त्यातच. लोकलचा डबा सार्वजनिक वाहनात मोडतो, शिवाय रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १६७ डब्यातल्या धूम्रपानासाठी आहे. दरवाज्यात लटकून ओढणाराही डब्यातच असतो.

इथे एक मुंबईतलाच घोळ सांगायला हवा. रेल्वेचा पूल आणि त्याला चिकटलेला बाहेरचा स्कायवॉक एकाच फरशीसारखे दिसतात, पण मालक वेगळे आहेत. स्कायवॉक एमएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधले आणि देखभाल महापालिकेकडे गेली. स्कायवॉकवरच्या धुराची तक्रार रेल्वेकडे केली, की "आमच्या हद्दीत नाही" एवढंच उत्तर येतं. पुलावर रेल्वेची निळी-पिवळी पाटी कुठे संपते ते पाहा, किंवा पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून ठरवा, आणि मगच लिहा.

बस थांबा. नियमात बस थांब्याचा शब्दशः उल्लेख आहे. बेस्टची शेड असो की नुसता खांब, थांबा तो थांबा. अडचण अंतराची येते. थांब्यापासून किती फुटांपर्यंत बंदी, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही. शेडच्या आत, बाकावर किंवा रांगेत उभं राहून ओढणारा नक्की बंदीत येतो. शेडपासून दहा पावलांवर टपरीला टेकून ओढणारा येतो असं ठामपणे म्हणता येत नाही. त्याच्याशी कायद्याने वाद घालण्यापेक्षा "दादा, धूर रांगेत येतोय, जरा पलीकडे जाता का?" एवढं बोललेलं जास्त चालतं.

बसमध्ये कंडक्टरला सांगा. टॅक्सी आणि रिक्षा ही सार्वजनिक वाहनंच आहेत, त्यामुळे ओढणारा प्रवासी असो की चालक, दोघांनाही बंदी आहे.

हॉटेल, कॅफे, बार. या बाबतीत नियम बहुतेकांना वाटतात त्यापेक्षा कडक आहेत. रेस्टॉरंटच्या व्याख्येत 'त्या जागेभोवतालची मोकळी जागा' धरलेली आहे. म्हणजे फुटपाथवर मांडलेली टेबलं, मागचं अंगण, गच्चीवरचा बार, दारासमोरच्या खुर्च्या, सगळं रेस्टॉरंट. "आतमध्ये बंदी आहे, बाहेरच्या टेबलावर चालेल" असं वेटर सांगत असेल, तर तो मालकाने शिकवलेलं वाक्य म्हणतोय. टेबलावर राखदाणी, काडेपेटी किंवा लायटर ठेवणं हेही नियमांचं वेगळं उल्लंघन आहे. मग भले त्या क्षणी कुणी ओढत नसो.

अपवाद तीनच: ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त जणांची बसायची सोय असलेलं रेस्टॉरंट, आणि विमानतळ. यांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. पण कक्ष म्हणजे कोपऱ्यात ओढलेला पडदा नव्हे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा बाहेर फेकणारी आणि पुन्हा आत न फिरवणारी व्यवस्था, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, आणि ही खोली प्रवेशद्वारावर किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको. आत खाणंपिणं किंवा दुसरी कुठलीही सेवा द्यायची नाही. बीकेसी किंवा लोअर परळच्या ऑफिसांत आणि मॉलमध्ये दिसणारे 'स्मोकिंग झोन' या तीन अपवादांत बसत नाहीत.

हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात वेगळीच बंदी आहे. डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत १४ जणांचा जीव गेला, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कोटपात दुरुस्ती केली. पार्लर चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो. हे प्रकरण थेट पोलिसांकडे न्यायचं, व्यवस्थापकाशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही.

बाग, मैदान, चौपाटी. इथे 'अशा इतर जागा' या तीन शब्दांवर सगळं अवलंबून आहे. व्यवहारात लागू पडणारी फूटपट्टी अशी: जागेला कुंपण, फाटक, वेळा आणि रखवालदार असेल तर तुमची बाजू भक्कम. महापालिकेच्या बागेत हे चारही असतात, वर फाटकावर नियमांचा फलकही असतो. त्यात धूम्रपानाची ओळ असेल तर वॉचमनला तेवढी बोटाने दाखवायची. वानखेडेचा स्टँड स्टेडियम म्हणून सरळ बंदीत येतो. शिवाजी पार्कच्या मैदानात तुमचं म्हणणं टिकेल, पण कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते पातळ होतं. मरीन ड्राइव्हचा कठडा आणि जुहू-गिरगावची वाळू यांना फाटक नाही. तिथे कलम ४ चा आग्रह धरून पोलीस चौकी गाठलीत तर बहुधा हात हलवत परत याल. तिथे दोन गोष्टी धरता येतात: सुटी सिगारेट विकणारा फेरीवाला आणि वाळूत खोचलेली थोटकं.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मामला आगीचा आहे. राष्ट्रीय उद्यानात आग पेटवणं किंवा जळतं काही टाकून जाणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० खाली येतं. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात थोटूक पडलं तर काय होईल हे वनरक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. जवळच्या चौकीवर कळवा.

रस्ता आणि फुटपाथ. चालता चालता ओढणाऱ्या माणसाला, थांबा, स्टेशन किंवा हॉटेलचं अंगण नसलेल्या साध्या रस्त्यावर, कलम ४ लागत नाही. ऐकायला आवडणार नाही, पण तसंच आहे. थोटूक रस्त्यावर फेकलं तर ती कचरा टाकण्याची बाब होते आणि महापालिकेच्या स्वच्छता उपविधींकडे जाते. फिल्टर कापसाचा दिसतो पण असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार. पावसात गटार, गटारातून नाला, नाल्यातून समुद्र.

सोसायटी, चाळ. फ्लॅटच्या आत ओढणं ही खासगी बाब आहे. जिना, लिफ्ट, लॉबी, गच्ची यांबद्दल 'सार्वजनिक जागा' आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तळमजल्यावर दवाखाना, क्लास किंवा दुकान असेल तर तिथे लोकांचा राबता असतो आणि बाजू बळकट होते. एरवी सर्वसाधारण सभेचा ठराव हाच सरळ रस्ता. त्याचा नमुना खाली दिला आहे.

दंड कोण करू शकतं?

वाटेल तो नाही. नियमांना जोडलेल्या यादीतल्या अधिकाऱ्यांनाच हा अधिकार आहे. पोलिसांत उपनिरीक्षक आणि त्यावरचे. स्टेशनवर स्टेशन मास्तर आणि त्यांचे साहाय्यक. शाळा-कॉलेजात मुख्याध्यापक, प्राचार्य, शिक्षक. रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. पोस्टात पोस्टमास्तर. वाचनालयात ग्रंथपाल. खासगी कार्यालयात प्रशासन किंवा मनुष्यबळ विभागाचा प्रमुख. शिवाय राजपत्रित अधिकारी. ही यादी माहीत असली की दोन चुका टळतात.

पहिली चूक म्हणजे बीटवरच्या शिपायाकडे "आत्ता पावती फाडा" असा हट्ट धरणं. शिपाई हटकू शकतो, माणसाला थांबवू शकतो, पण यादीप्रमाणे दंड आकारायला उपनिरीक्षक लागतो. दुसरी चूक उलट्या टोकाची: यादीत नसलेल्या माणसाला पैसे देणं. सोसायटीचा वॉचमन, मॉलचा बाउन्सर, हॉटेलचा मॅनेजर कोटपाखाली दंड वसूल करू शकत नाही. ते बाहेर काढू शकतात, एवढंच.

सरकारी इमारत, न्यायालय आणि पोलीस ठाणं यांना आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ११६ सांगतं, की अशा इमारतीत प्रभारी अधिकाऱ्याने लावलेल्या सूचनेविरुद्ध धूम्रपान करणं किंवा थुंकणं हा गुन्हा आहे. 'लावलेल्या सूचनेविरुद्ध' हे शब्द लक्षात ठेवा. सूचना लावलेलीच नसेल तर हे कलम लुळं पडतं.

पावती घेताना त्यावर पाच गोष्टी पाहा: अनुक्रमांक, तारीख-वेळ, जागा, कलम आणि अधिकाऱ्याचं पदनाम-सही. रक्कम २०० च्या वर असेल तर कलम विचारा. मोबाइलवर फिरणारे १,०००, ३,००० आणि ५,००० रुपयांचे आकडे २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्य सरकारने सार्वजनिक ठिकाणी थुंकणं आणि धूम्रपान यांसाठी जाहीर केले होते, सोबत सार्वजनिक सेवेची शिक्षाही होती. कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून दंड १,००० रुपये केला, तोही संदेश अधूनमधून मुंबईच्या नावाने फिरतो. कोटपाच्या कलम २१ मधली रक्कम २०० चीच आहे. जागेवर दंड भरून प्रकरण मिटवता येतं. भरायला नकार दिला तर दंडाधिकाऱ्यापुढे संक्षिप्त खटला चालतो, आणि २०० रुपयांसाठी कोर्टाची तारीख कुणालाच नको असते.

फलक: इथेच बहुतेक चुकतात

तुम्ही सोसायटीचे सचिव, हॉटेलमालक, क्लास चालवणारे किंवा ऑफिसचे प्रशासक असाल, तर हा भाग नीट वाचा. ए-फोर कागदावर प्रिंट काढून सेलोटेपने चिकटवलेलं चित्र म्हणजे फलक नव्हे. नियमातलं माप असं आहे:

फलक किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. त्यात वर्तुळ, बाहेरचा व्यास किमान १५ सेंटिमीटर. वर्तुळाची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद. मध्ये काळा धूर निघणारी सिगारेट किंवा विडी, आणि तिच्यावरून जाणारा लाल पट्टा, रुंदीला कडेइतकाच. खाली 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे' हा मजकूर, इंग्रजीत किंवा भारतीय भाषेत.

पेंटरला "दोन फूट बाय एक फूट" सांगितलं तरी चालतं, कारण ते ६०.९६ बाय ३०.४८ होतं. पण 'कापून झाल्यावर' हे माप हवं असं सांगा. दुकानदार छपाईचं माप दोन बाय एक धरतो आणि चारही बाजूंनी छाटतो, मग फलक ५९ वर येतो. वर्तुळ १५ सेंटिमीटर आणि कड दोन्ही बाजूंनी ३-३ असेल तर आत सिगारेटसाठी फक्त ९ सेंटिमीटर उरतात. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात कड बहुतेक वेळा बारीक असते. चित्र मोठं करून भागत नाही, ते नव्याने आखावं लागतं.

फलकावर किंवा त्याच्या शेजारी आणखी एक ओळ हवी, आणि ती दहातल्या नऊ जागी नसते: तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव. नियमाने ते ठळकपणे लावायला सांगितलं आहे. पद, नाव आणि फोन नंबर लिहा. माणूस बदलला की फलक बदलावा लागू नये म्हणून ही पट्टी वेगळी करून खाली स्क्रूने बसवा.

कुठे लावायचा? प्रत्येक प्रवेशद्वारावर, आत ठळक जागी, आणि मजले जास्त असतील तर प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी व लिफ्टच्या तोंडाशी. तळमजला अधिक सहा मजले, दोन फाटकं, एक जिना, एक लिफ्ट अशा ऑफिसच्या इमारतीचा हिशोब करा: फाटकांचे २, सात मजल्यांवर जिना आणि लिफ्ट मिळून १४, एकूण १६. दोन फलक लावून "बोर्ड आहे ना" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

मुंबईच्या हवेत साहित्य जपून निवडा. सनबोर्डवर चिकटवलेलं व्हिनाइल फाटकाबाहेर एक पावसाळा काढतं, ऑगस्टमध्ये कोपरे सुटतात आणि फलक पुठ्ठ्यासारखा फुगतो. बाहेर एसीपी (ॲल्युमिनियमच्या थरांची) शीट घ्या, वर लॅमिनेट केलेलं व्हिनाइल. आत जिन्यात सनबोर्ड चालेल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज समुद्राकडच्या इमारतींत सहा महिन्यांत पांढऱ्या फलकावरून ओघळतो आणि लाल कडेशी मिसळून सगळंच तांबडं करतो. उंची डोळ्यांच्या रेषेत, साधारण पाच फूट. कुंडीमागे, नोटीस बोर्डाच्या काचेत किंवा उघड्या दाराच्या पाठीमागे लावलेला फलक म्हणजे न लावलेलाच.

आणि राखदाण्या उचला. फाटकाजवळ वाळूने भरलेली कुंडी 'थोटकं इथे टाका' म्हणून ठेवणं लोकांना सभ्यपणा वाटतो. बंदीच्या आवारात ती धूम्रपानाची सोय ठरते.

सोसायटीच्या ठरावाचा मजकूर असा ठेवता येईल:

'संस्थेच्या इमारतीतील जिने, लिफ्ट, लॉबी, गच्ची, वाहनतळ व मोकळे आवार येथे सिगारेट, विडी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे धूम्रपान करण्यास मनाई करण्यात येत आहे. हा नियम सभासद, भाडेकरू, पाहुणे, कर्मचारी व कामासाठी येणाऱ्या सर्वांना लागू राहील. तक्रार संस्थेच्या सचिवांकडे लेखी द्यावी. पहिल्या वेळी लेखी समज, त्यानंतर संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी देऊन उपविधींनुसार कारवाई.'

ठराव विषयपत्रिकेवर आधी घ्या. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकललेल्या ठरावावर पहिली हरकत तोच सभासद घेतो, जो गच्चीवर ओढतो. 'भाडेकरू' आणि 'कर्मचारी' हे शब्द गाळू नका, नाहीतर ड्रायव्हर आणि रंगारी मोकळे राहतात.

टपरी

धुराचा उगम बहुतेक वेळा टपरी असते, आणि तिला लागू होणारे नियम वेगळे आहेत. कोटपाच्या कलम ६ खाली शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मोजायचे ते संस्थेच्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी. रस्त्याने वळसा घालून चालत नाही. शाळेच्या फाटकापासून दीडशे मीटर चालावं लागणारी टपरी मागच्या भिंतीपासून चाळीस मीटरवर निघू शकते. मोबाइलच्या नकाशात अंतर मोजायची सोय आहे: टोक शाळेच्या भिंतीवर ठेवा, दुसरं टपरीवर, आणि त्या पडद्याचं चित्र तक्रारीला जोडा. दादर किंवा गिरगावात शाळा इतक्या दाटीने आहेत, की दोन-तीन शाळांपासून मोजलं तर एखादी तरी मर्यादेत सापडायची शक्यता बरीच.

१८ वर्षांखालच्या मुलाला विक्री करणं कोटपाखाली २०० रुपयांचाच गुन्हा आहे. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. पोलिसांकडे जाताना दुसरं कलम लिहायला विसरू नका. विक्रीच्या जागी 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा दंडनीय गुन्हा आहे' असा फलक लागतो, त्याचंही माप किमान ६० बाय ३० सेंटिमीटर.

सुटी सिगारेट आणि विडी विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. कारण साधं: पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा असतो, सुट्या कांडीवर तो नसतो. रोज उघड मोडला जाणारा हा नियम आहे हे सगळ्यांना दिसतं. तरीही शाळेजवळच्या टपरीविरुद्धच्या तक्रारीत हे वाक्य असू द्या. एकाच अर्जात तीन उल्लंघनं असली, की अर्ज बाजूला सारणं जड जातं. ई-सिगारेटची विक्री, साठवणूक आणि जाहिरात २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंद आहे. टपरीवर ती दिसली तर तिच्यासाठी वेगळा अर्ज करा.

तक्रार

ठिकाणावर माणसाला हटकायचं असेल तर एकदाच, हळू आवाजात. आवाज चढला की विषय सिगारेटचा राहत नाही. फोटो घ्यायचा तो जागेचा: फलक नसलेलं दार, टेबलावरची राखदाणी, टपरीला दोरीने टांगलेला लायटर. कुणाचा चेहरा टिपून सोशल मीडियावर टाकू नका. त्याने दंड होत नाही, भांडण मात्र अंगावर येतं.

मग क्रम असा. आधी जागेच्या प्रभारीला लेखी. मेल किंवा मेसेज चालेल, पण तोंडी नको, कारण 'तक्रार होऊनही काही केलं नाही' हे नंतर दाखवावं लागतं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर बाहेर जा. रेल्वेसाठी १३९ हा नंबर किंवा 'रेल मदत' ॲप. महापालिकेच्या जागांसाठी १९१६ आणि वॉर्ड ऑफिसमधला आरोग्य अधिकारी. हॉटेल, बार आणि टपरीसाठी स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना अर्ज, झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन. राज्य सरकारच्या कार्यालयासाठी 'आपले सरकार' पोर्टल. ११२ हा नंबर हुज्जत हातघाईवर आली तर, एका सिगारेटसाठी नाही.

अर्जाचा नमुना:

'महोदय, दि. ___ रोजी सायंकाळी ६.१० ते ६.४० या वेळेत आपल्या उपाहारगृहाच्या प्रवेशद्वाराबाहेर मांडलेल्या टेबलांवर तीन व्यक्ती सिगारेट ओढत होत्या. टेबलांवर राखदाण्या होत्या. प्रवेशद्वारावर धूम्रपान निषेधाचा फलक नाही व तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव लावलेले नाही. ही बाब कोटपा, २००३ चे कलम ४ आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान निषेध नियम, २००८ मधील नियम ३ यांचे उल्लंघन आहे. आपण केलेली कारवाई सात दिवसांत लेखी कळवावी.'

सात दिवस ही मुदत तुम्ही घातलेली असते, कायद्याने नव्हे. तरी लिहावी, पुढच्या पायरीची तारीख त्यामुळे ठरते. "इथे नेहमीच ओढतात" असं लिहिलेला अर्ज वाया जातो. वेळ लिहिली तर अधिकारी त्या वेळेला येऊ शकतो, आणि जमणाऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात: सकाळी साडेनऊ, जेवणानंतर, संध्याकाळी सहा. प्लॅटफॉर्मच्या तक्रारीत प्लॅटफॉर्म क्रमांक आणि कुठलं टोक ते लिहा, 'चर्चगेट बाजू' किंवा 'विरार बाजू' असं. धावत्या लोकलमधून कळवताना डब्याच्या आत रंगवलेला क्रमांक आणि पुढचं स्टेशन सांगा. तरीही तो माणूस हाती लागेल याची खात्री धरू नका. एका गाडीपेक्षा रोजच्या जागेची तक्रार जास्त फळते.

तक्रार 'निकाली' असा संदेश आला आणि जागेवर सगळं पूर्वीसारखंच असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, ऑनलाइनही भरता येतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. तीनच प्रश्न: या पोलीस ठाण्याच्या किंवा वॉर्डच्या हद्दीत गेल्या बारा महिन्यांत कलम ४ आणि कलम ६ खाली किती पावत्या फाडल्या, तक्रार क्रमांक अमुकवर कुणी, कोणत्या तारखेला, काय कारवाई केली, आणि दंड आकारण्यासाठी अधिकृत अधिकाऱ्यांची पदनामं कोणती. उत्तराची मुदत ३० दिवस. ते न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. पावत्यांच्या रकान्यात 'निरंक' असं उत्तर आलं तर कागद फेकू नका. वरिष्ठांकडे जाणाऱ्या पुढच्या तक्रारीला जोडायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा कागद नाही.